तपकिरी अळंबीची अनेक नावं

प्रश्न : पाककृतीत ‘क्रेमिनी’ असतं, दुकानातल्या पाकिटावर ‘ब्राउन मशरूम’ आणि लंडनला राहणारी बहीण ‘चेस्टनट’ म्हणते. या वेगवेगळ्या अळंब्या आहेत का? मिळाल्या नाहीत तर पांढरी बटण अळंबी चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तिन्ही एकच आहेत. आपली पांढरी बटण अळंबीसुद्धा त्याच जातीची, अ‍ॅगॅरिकस बायस्पोरस. या कुळात बीजाणू धरणाऱ्या पेशीवर सहसा चार बीजाणू येतात, हिच्यात दोन, म्हणून ‘बायस्पोरस’. मूळ रंग तपकिरीच. पांढरा वाण १९२०च्या दशकात अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लागवडीत आपोआप निपजला आणि बाजारात तोच रुळला.

‘क्रेमिनी’ हे नाव अमेरिकेतलं. ब्रिटनमध्ये हिलाच रंगावरून चेस्टनट म्हणतात, ऑस्ट्रेलियात स्विस ब्राउन. हीच आणखी काही दिवस वाढू दिली, छत्री पूर्ण उघडून तळहाताएवढी झाली, की ती पोर्टोबेलो. लहानपणीच ‘बेबी बेला’ म्हणून विकतात तीही हीच. एक सावधगिरी मात्र हवी : अमेरिकेत ‘चेस्टनट’ नावाने फोलिओटा ही अगदी निराळी, बारीक देठाची अळंबीही मिळते.

तेव्हा पांढरी बिनधास्त वापरा, प्रमाण तेच. चव थोडी सौम्य लागेल, एवढंच. परतणं नीट जमलं तर तोही फरक फारसा जाणवत नाही.

प्रश्न : अळंबी परतताना पाणी सुटतं आणि पोर्टोबेलोचा रस्सा काळपट होतो. काय चुकतं?

उत्तर : अळंबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कढई भरून टाकली की वाफ कोंडते आणि अळंबी परतली न जाता उकडते. २५० ग्रॅमच्या दोन खेपा करा. पसरट तवा चांगला तापवून एक चमचा तेल घाला, अर्धा सेंटिमीटर जाड काप एका थरात पसरा आणि दोन-तीन मिनिटं हलवू नका. झाकण नको. मीठ कडा तांबूस झाल्यावरच, आधी घातलं तर पाणी लवकर सुटतं.

काळपटपणा येतो तो छत्रीखालच्या गडद पापुद्र्यांमुळे. तिथे पिकलेले चॉकलेटी बीजाणू असतात. ते खराब नसतात, पण पांढऱ्या रश्शासाठी चमच्याने खरवडून काढा. उरलेली अळंबी कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून ती बुळबुळीत होते, आणि तशी झालेली टाकूनच द्या.