पहिल्या बॅचला जाण्याआधी : जोरकस सामूहिक व्यायामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ४४ आहे. नोकरी बैठी असून गेल्या कित्येक वर्षांत थोडेफार चालण्यापलीकडे माझ्याकडून व्यायाम झालेला नाही. मित्रांच्या आग्रहामुळे पाऊण तासाच्या हाय-इंटेन्सिटी बॅचमध्ये नाव घालावे असे वाटते. ही बॅच आठवड्यातून पाच दिवस असते. एकदम सुरुवात केली तर चालेल का?

नाव जरूर घाला, पण पाच दिवसांसाठी नको आणि उद्यापासूनही नको. काही सेकंद किंवा काही मिनिटे जवळजवळ पूर्ण जोर लावायचा, मग थोडी विश्रांती घ्यायची आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे, अशी या व्यायामाची रचना असते. २० सेकंद काम आणि १० सेकंद विश्रांती हा त्यातला सर्वांत गाजलेला नमुना. जपानी संशोधक इझुमी तबाता यांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासामुळे तो जगभर पोहोचला, त्यात भाग घेणारे तरुण आधीपासून नियमित खेळणारे होते. शिवाय ते जागच्या जागी बसवलेली सायकल चालवत होते, त्यामुळे उड्या मारून गुडघे दुखावण्याचा प्रश्नच नव्हता. वर्गातील वेळापत्रकावर ‘तबाता’ असे लिहिलेले दिसले, तर नवशिक्याने एवढे ध्यानात ठेवावे.

सर्वांत आधी तब्येतीचा विचार करा. छातीत दुखणे, श्रमाने चक्कर येणे, हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब, जुनी सांधेदुखी किंवा जवळच्या नातेवाइकाचा कमी वयात हृदयविकाराने झालेला मृत्यू, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय बॅचमध्ये पाऊल टाकू नये. यांपैकी काही नसले, तरी चार ते सहा आठवडे तयारीसाठी द्यावेत. बहुतेक दिवशी अर्धा तास भरभर चालावे आणि आठवड्यातून दोन दिवस बॅचमध्ये पुढे लागणाऱ्या हालचाली सावकाश शिकून घ्याव्यात. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून पुश-अप, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणे आणि थोडा वेळ प्लँक (कोपरे आणि पायांची बोटे जमिनीला टेकवून शरीर सरळ धरणे), एवढे सुरुवातीला पुरेसे आहे.

ही तयारी केवळ दम वाढवण्यासाठी नाही. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांतच नव्या श्रमाला सरावू लागतात, मात्र स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना त्यासाठी कित्येक महिने लागतात. त्यामुळे दम टिकू लागला आणि उत्साह वाढला की गुडघा, घोटा किंवा खांदा कुरकुरू लागण्याची शक्यता असते. पहिल्या आठवड्यापेक्षा हा टप्पा मला अधिक काळजीचा वाटतो, कारण त्या वेळी आपण सावध नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, किंवा दोहोंचा मेळ घालावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीसाठी द्यावेत. हे पाहता आठवड्यातून दोन बॅच आणि उरलेल्या दिवशी चालणे ही सुरुवात मुळीच कमी नाही. दोन बॅचमध्ये निदान एक मोकळा दिवस असावा. जोर मोजण्यासाठी शून्य म्हणजे आराम आणि दहा म्हणजे सर्वस्व पणाला, अशी मनातल्या मनात पट्टी धरा आणि पहिला महिनाभर सहा-सातच्या वर जाऊ नका. त्या जोरावर दोन-चार शब्द बोलता येतात, पण गप्पा मारता येत नाहीत.

प्रश्न : मी नुकतीच बॅच सुरू केली आहे. सगळे पुढे निघून जातात आणि मी एकटीच मध्ये थांबते. ट्रेनर मोठ्याने माझे नाव घेऊन ‘थांबू नका’ म्हणतात. लाज वाटते. सोडून द्यावे का?

आधी दोष कुठे आहे ते पाहू. इतरांच्या सोबतीने माणूस अधिक जोर लावतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्येच सायकलस्वारांच्या नोंदींवरून दाखवून दिले होते, की एकट्याने घड्याळाशी झुंजण्यापेक्षा सोबत कोणी असताना त्यांचा वेग वाढतो. सामूहिक बॅचचे बळ यातच आहे आणि धोकाही यातच आहे, कारण शेजारची व्यक्ती दोन वर्षे व्यायाम करत असेल, तर तिचा सात तुमचा दहा असू शकतो. वेळेचा गजर सर्वांसाठी एकच असला, तरी जोर ज्याचा त्याने ठरवायचा असतो. तीस सेकंदांत शेजारणीच्या पंधरा स्क्वॉट (उठबशा) झाल्या आणि तुमच्या आठ, पण नीट झाल्या, तर तुमचा व्यायाम पूर्ण झाला.

उकिडवे बसून हात जमिनीला टेकायचे, पाय मागे फेकायचे, पुन्हा जवळ घ्यायचे आणि उठायचे, अशा ज्या बर्पीने बहुतेकांची दमछाक होते, तिची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. रॉयल बर्पी या अमेरिकी अभ्यासकाने ती शरीराची क्षमता तपासण्याची चाचणी म्हणून बसवली. मूळ चाचणीत ती फक्त चार वेळा करायची असे, आणि तीही उडी व पुश-अप यांच्याविना. तेव्हा पाय मागे फेकण्याऐवजी एकेक पाऊल मागे टाकलेत किंवा हात जमिनीऐवजी बाकावर टेकलेत, तर त्यात कमीपणा काहीच नाही.

ट्रेनरशी मात्र बॅच सुरू होण्याआधी बोला. आपण नवीन आहोत, मध्ये थांबणार आहोत आणि सोप्या पर्यायांची गरज आहे, हे स्पष्ट सांगा. जुन्या दुखापतींची चौकशी करणारा, प्रत्येक हालचालीचा सोपा प्रकार दाखवणारा आणि वेगापेक्षा ठेवण पाहणारा ट्रेनर असेल, तर त्याचे ओरडणे उत्तेजन देण्यापुरतेच असते. व्यायाम करताना ओकारी होणे हे शौर्य मानणारा असेल, तर व्यायाम नव्हे, ती बॅच सोडावी.

प्रश्न : पहिल्या बॅचनंतर दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या, की जिना उतरता येईना. हे लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे होते का? दुखत असताना व्यायाम करावा का?

लॅक्टिक अ‍ॅसिडवर हा आळ उगाच आहे. व्यायामात वाढलेले लॅक्टेट, म्हणजे त्याच अ‍ॅसिडचे शरीरातले रूप, साधारण तासाभरात पूर्ववत होते, दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागतो, तेव्हा, म्हणजे स्क्वॉटमध्ये खाली जाताना किंवा उडीनंतर जमिनीवर येताना, त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि नंतर जी दाहाची प्रक्रिया सुरू होते, त्यामुळे हे दुखते. हलके चालल्याने आराम पडतो, तीन-चार दिवसांत ते ओसरते आणि तोच व्यायाम पुन्हा केल्यावर बरेच कमी दुखते. मांड्या भरलेल्या असताना दुसरी जोरकस बॅच मात्र करू नये.

एक लक्षण कधीही अंगावर काढू नका. दुखणे असह्य झाले, स्नायू सुजून कडक झाले, हातपाय लुळे वाटू लागले किंवा लघवीचा रंग कोलासारखा गडद झाला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. ती क्वचितच उद्भवते, परंतु सवय नसताना पहिल्याच दिवशी सर्वांच्या बरोबरीने शेवटपर्यंत रेटणाऱ्यांमध्ये ती आढळते.

प्रश्न : मी रक्तदाबाची गोळी घेतो. मनगटी घड्याळ सांगते तेवढे हृदयाचे ठोके मला गाठताच येत नाहीत. माझे काही चुकते आहे का?

बहुधा नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, ठोक्यांची गती वाढू देत नाहीत. त्यातच मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात हे काढण्याचे, २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र सरासरीवर बेतलेले असल्याने एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकते. आकड्याचा पाठलाग सोडा आणि वर सांगितलेली बोलण्याची कसोटी वापरा. वजन उचलताना श्वास रोखू नका, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो, आणि शेवटचा सेट संपताच खाली बसू नका, पाच मिनिटे सावकाश चाला. गोळी स्वतःहून बंद करू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

प्रश्न : उड्या मारताना थोडी लघवी सुटते. ट्रेनरला सांगायचा संकोच वाटतो.

ही तक्रार अनेक स्त्रियांना असते, विशेषतः बाळंतपणानंतर, आणि तिच्यावर उपचार आहेत. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर उडीचा भार येतो आणि ते कमजोर असतील तर असे होते. फिजिओथेरपिस्टकडून त्यांचे व्यायाम नीट शिकून घ्या, कारण आकुंचन बरोबर होते आहे की नाही, हे स्वतःला नेहमी कळत नाही. तोपर्यंत उड्यांच्या जागी भरभर पावले टाकणे किंवा पायरी चढणे-उतरणे निवडा. ट्रेनरला ‘मला उड्या चालत नाहीत’ एवढेच सांगितले तरी पुरते, कारण सांगण्याची गरज नाही.