सेल बांधण्याआधी हायड्रोजनची वाट आखा

मिठाच्या पाण्यातून वीज सोडून सोडियम हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच, थोडक्यात हायपो) बनवणारे सेल बांधून घेणाऱ्या वाचकांची पत्रं वाढली आहेत. या सेलमध्ये हायपोबरोबर हायड्रोजनही सुटतो. घोळ तेच तेच आहेत, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

टायटॅनियम महाग आहे. अ‍ॅनोडला (सेलच्या प्लस पट्टीला) ३१६ स्टेनलेस स्टील चालेल का? (हिंगणा)

नाही. क्लोराइड ते खातं आणि त्यातलं क्रोमियम तुमच्या मालात उतरतं.

विक्रेता अ‍ॅनोडवरच्या कोटिंगची १० वर्षांची गॅरंटी देतो. घ्यावं का? (कळमेश्वर)

किती करंटला, किती मिठाला, किती तापमानाला, हे कोटेशनवर नसेल तर त्या गॅरंटीला अर्थ नाही. टायटॅनियमवरचा रुथेनियम ऑक्साइडचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. जाड आणि पातळ, दोन्ही डोळ्यांना सारखेच काळपट दिसतात. दर चौरस मीटरला किती ग्रॅम ते लेखी मागा, तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या, मगच पैसे द्या.

बोअरच्या पाण्याने कॅथोडवर (मायनस पट्टीवर) पांढरी खपली धरते. थोडा वेळ प्लस-मायनस उलटं केलं की ती गळते, असं ऐकलंय. (कामठी रोड)

ऐकीव गोष्टींवर सेल चालवू नका. त्या प्रकारासाठी मुद्दाम बनवलेला नसेल तर अ‍ॅनोडचं कोटिंग खराब होतं. आधी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) लावा. अ‍ॅसिडने धुताना रेक्टिफायर (सेलला डीसी करंट देणारं यंत्र) बंद ठेवा, सेल पूर्ण रिकामा करून पाण्याने खळखळून घ्या. हायपोत अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन सुटतो. पहिली धुलाई जाणकारासमोरच करा.

रेक्टिफायर १०० अँपिअरच दाखवतो आणि शेडला खिडक्या आहेत. हायड्रोजनसाठी वेगळा ब्लोअर कशाला? (बुटीबोरी)

तुमच्या पत्रात १२ सेल सीरिजमध्ये आहेत. मीटर १०० दाखवतो, पण तोच करंट बाराही सेलमधून जातो आणि प्रत्येक सेल आपला हायड्रोजन वेगळा सोडतो. एका अँपिअर-तासाला ०.४१८ लिटर, तेही शून्य अंशाला. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना जवळपास ०.४९. म्हणजे तासाला सुमारे ५८५ लिटर. हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. त्याला १ टक्क्याखाली ठेवायला तासाला निदान ६० घनमीटर हवा लागते, आणि ती खिडकीच्या भरवशावर मिळत नाही. हा वायू खिडकीपाशी थांबत नाही, पत्र्याच्या कण्याखाली, म्हणजे छताच्या सर्वांत उंच भागात साचतो.

शिवाय तो सेलमध्येच सुटत नाही, बुडबुड्यांतून द्रावणाबरोबर साठवण टाकीत जातो. हिंगण्यातल्या एका शेडमध्ये टाकीचं झाकण मी चारही बाजूंनी बोल्टने आवळलेलं पाहिलं आणि वरच दिव्याचा उघडा होल्डर! मी तिथल्या तिथे रेक्टिफायर बंद करायला लावला.

ब्लोअर टाकीत हवा ढकलणारा असावा आणि व्हेंट (वायू बाहेर नेणारा पाइप) सरळ छतावर, कुठेही खाली न वळता. ब्लोअर थांबला की रेक्टिफायर आपोआप ट्रिप व्हायला हवा. लाइट जाऊन परत आली तरी आधी ब्लोअर, मग करंट. ‘पुढच्या ऑर्डरनंतर लावू’ असं तुम्ही लिहिलंय. तोवर सेल बंद ठेवा आणि आराखडा प्रोसेस सेफ्टीच्या माणसाला दाखवा.

पाइप पीव्हीसीचे चालतील? (वाडी)

द्रावण थंड राहत असेल तर. ६० अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडतं. उन्हातल्या पाइपचं दुपारी २ वाजता तापमान मोजा आणि तो आकडा सांगून चालेल का ते पाइप बनवणाऱ्याला विचारून घ्या.