न्यूरोसायकॉलॉजीच्या पोस्टिंगला जाण्याआधी

अगं, बॅटरीतल्या (स्मृती, लक्ष वगैरे तपासणाऱ्या चाचण्यांच्या संचातल्या) टेस्ट पाठ करत बसू नकोस, हाताखालून गेल्या की येतात आपसूक. आधी पेशंटचा चष्मा कुठे आहे ते विचार. नीट ऐकू येतं का, रात्री झोप झाली का, डावखोरा आहे का, शाळा कितवीपर्यंत. निम्हान्सच्या (बंगळुरूची मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्था) बॅटरीचे नॉर्म्स, म्हणजे तुलनेला धरायचे नेहमीचे गुण, वय, लिंग आणि शिक्षणानुसार वेगळे आहेत. शिक्षण चुकीचं लिहिलंस तर पुढचं सगळं मुसळ केरात.

एव्हीएलटी, म्हणजे ऐकलेले शब्द लक्षात ठेवायची टेस्ट, मात्र घोटून घे. १५ शब्द, ५ फेऱ्या, मग दुसरी यादी, आणि २०-३० मिनिटांनी पहिली पुन्हा आठवायला सांगायची. मधल्या वेळात नवे शब्द कानावर घालू नकोस, कलर ट्रेल्ससारखं (रंगीत वर्तुळांतले आकडे क्रमाने रेषेने जोडायचे) काहीतरी घे. शेवटी आठवले नाहीत ते शब्द यादीतून ओळखता येतात का बघ. आले, तर शब्द आत शिरलाय, बाहेर काढताना अडतोय. अल्झायमरमध्ये बहुधा ओळखणंही ढासळलेलं असतं. या दोन तऱ्हांच्या पेशंटचा आठवण्याचा स्कोअर सारखाच पडला तरी रिपोर्ट वेगळा होतो.

घड्याळ काढायला दिलंस की नुसते मार्क टाकू नकोस. आकडे सगळे उजव्या अर्ध्यात कोंबलेत? मग मेंदूच्या उजव्या बाजूचा विचार कर, आणि स्कॅन नंतर उघड.

शेजारी बसून उत्तरं पुरवणाऱ्या मुलाला गोडीत बाहेर पाठव (ऐकत नाहीत, पाठवच!). घरची हकीकत मात्र त्याच्याकडूनच घे: पैशांचा हिशेब, गॅस, औषधांच्या वेळा.