डच डिस्चार्ज पत्रातील हृदयरोगाची लघुरूपे इंग्रजीत कशी आणावीत?

आपल्या वडिलांवर नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे हृदयविकाराचे उपचार झाले असून तेथील डच पत्र आता पुण्यातील हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचे आहे; मजकूर यंत्राने इंग्रजीत आणला, पण लघुरूपे जशीच्या तशी राहिली, ती तशीच ठेवली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी डच-इंग्रजी वैद्यकीय भाषांतराचे काम करतो. माझे उत्तर असे की, काही चालतील, पण जी लघुरूपे हुबेहूब इंग्रजीसारखी दिसतात ती आधी तपासावीत. अनोळखी अक्षरे दिसली की डॉक्टर थांबतात आणि विचारतात; ओळखीची अक्षरे मात्र ते आपल्या सवयीच्या अर्थाने वाचून पुढे जातात.

शारीरिक तपासणीत बहुधा अशा प्रकारची ओळ असते: ‘आरआर 135/80, एचएफ 64, सीव्हीडी वाढलेले नाही’. यातील आरआर म्हणजे रक्तदाब. पाऱ्याचे रक्तदाबमापक 1896 मध्ये मांडणारे इटालियन डॉक्टर रिवा-रोच्ची यांच्या नावाची ही आद्याक्षरे असून, इंग्रजीत मात्र त्याच अक्षरांचा अर्थ श्वसनाचा दर असा होतो. एचएफ म्हणजे डचमध्ये हार्टफ्रेक्वेन्त्सी, अर्थात हृदयाच्या ठोक्यांचा दर. इंग्रजी वाचणाऱ्याला तेथे हार्ट फेल्युअर दिसते. सीव्हीडी म्हणजे मध्यवर्ती शिरेतील दाब, ज्याला इंग्रजीत सीव्हीपी म्हणतात. इंग्रजीतले सीव्हीडी म्हणजे हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार. 135/80 असा आकडा पाहून कोणीही डॉक्टर आरआरचा खरा अर्थ ओळखतील, म्हणून या ओळीत धोका कमी आहे.

खरा धोका इको तपासणीच्या परिच्छेदात असतो. तेथील एलव्हीएफ म्हणजे डाव्या निलयाचे, अर्थात हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचे, कार्य, तर इंग्रजी वैद्यकीय लेखनात एलव्हीएफ म्हणजे बहुतेक वेळा त्याच निलयाचे अपयश. ‘एलव्हीएफ खूट’, म्हणजे कार्य चांगले आहे, याचे ‘डाव्या निलयाचे अपयश चांगले’ असे काही झाले, तर निदान हसू तरी येईल आणि चूक पकडली जाईल. पण ‘एलव्हीएफ मातिख’ असे लिहिलेले असेल आणि त्याचे ‘मॉडरेट एलव्हीएफ’ झाले, तर वाक्य अगदी सरळ वाचले जाते आणि मध्यम स्वरूपाचे हार्ट फेल्युअर असल्याचा समज होतो. शिवाय मातिख हा शब्द डचमध्ये नाराजीकडे झुकणारा आहे, म्हणून ‘मॉडरेटली रिड्यूस्ड लेफ्ट व्हेंट्रिक्युलर फंक्शन’ असे पूर्ण शब्दांत लिहावे, आणि इजेक्शन फ्रॅक्शनचा, म्हणजे प्रत्येक ठोक्याला निलयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या टक्केवारीचा, आकडा दिलेला असल्यास तो शेजारी ठेवावा.

त्याच परिच्छेदात एमआय येते आणि ते एकाच पत्रात दोन अर्थांनी येऊ शकते. पूर्वेतिहासात ते मायोकार्डियल इन्फार्क्शन, म्हणजे हृदयाचा झटका असतो. इकोमध्ये, विशेषतः पुढे ‘ग्रेड 2’ असे असेल तर, ते मायट्रल झडपेतून रक्त मागे गळणे असते आणि आजच्या इंग्रजीत त्याला एमआर म्हणतात. याच न्यायाने ट्रायकस्पिड झडपेच्या गळतीसाठीच्या टीआयचे टीआर आणि महाधमनीच्या झडपेच्या गळतीसाठीच्या एआयचे एआर होते. कोणत्याही यादीत शोधण्यापूर्वी लघुरूप कोणत्या शीर्षकाखाली आले आहे ते पाहावे, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. यादीत एकेका लघुरूपाचे अनेक विस्तार सापडतात आणि निवड शेवटी संदर्भावरूनच करावी लागते.

अँजिओग्राफीत डच डॉक्टर धमन्यांची नावे लॅटिन वळणाने लिहितात. आरडीए म्हणजे आपल्याकडची एलएडी (हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी शाखा), आरसीएक्स म्हणजे एलसीएक्स (हृदयाला वळसा घालणारी शाखा), आणि एचएस म्हणजे होफ्टस्टम, अर्थात लेफ्ट मेन, म्हणजे डाव्या धमनीचा मुख्य भाग. आरडीए आणि आरसीएक्समधील ‘आर’ हा रामुसचा, म्हणजे शाखेचा आहे; त्याचा उजव्या बाजूशी काही संबंध नाही आणि या दोन्ही शाखा डाव्याच धमनीच्या आहेत. आरसीए, म्हणजे हृदयाची उजवी धमनी, यातला ‘आर’ मात्र खरोखरच उजवा. स्टेंट कोठे बसवला हे या एका अक्षरावर अवलंबून असल्याने येथे घाई करू नये. सीएजी (अँजिओग्राफी), पीसीआय (अँजिओप्लास्टी), सीएबीजी (बायपास शस्त्रक्रिया) ही लघुरूपे दोन्हीकडे सारखीच असून पुण्यातही रोज वापरली जातात. ‘डॉटरन’ असे क्रियापद दिसल्यास गोंधळू नये. 1964 मध्ये अमेरिकेत कॅथेटरने पायाची धमनी रुंदावणारे चार्ल्स डॉटर यांच्या नावावरून डचांनी ते घडवले असून त्याचा अर्थ अँजिओप्लास्टी करणे एवढाच आहे.

ईसीजीतील लघुरूपे त्यामानाने सोपी आहेत. एलबीटीबी म्हणजे एलबीबीबी आणि आरबीटीबी म्हणजे आरबीबीबी (हृदयातील विद्युतवाहक मार्गाच्या अनुक्रमे डाव्या आणि उजव्या शाखेतील अडथळा), आणि व्हीईएस म्हणजे व्हीपीसी किंवा पीव्हीसी (निलयातून वेळेआधी येणारा ठोका). पत्र बेल्जियमच्या डचभाषक भागातले असते, तर एएफऐवजी व्हीकेएफ दिसण्याची शक्यता होती. दोन्हींचा अर्थ एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर.

औषधांच्या यादीत ‘2डीडी1’ म्हणजे दिवसातून दोनदा एक गोळी, आणि ‘झेडएन’ म्हणजे गरज लागल्यास. तेथे 2,5 असा स्वल्पविराम असेल तर तो दशांश चिन्ह आहे; 2.5 असेच लिहावे, कारण स्वल्पविराम नजरेतून सुटला तर मात्रा दहापट होते. असिनोकुमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे नाव आल्यास वेगळे समजावण्याची गरज नाही, ते भारतातही सर्रास दिले जाते.

प्रत्येक लघुरूप पहिल्यांदा आले की इंग्रजीत पूर्ण शब्दांत लिहावे आणि मूळ डच अक्षरे चौकोनी कंसात ठेवावीत. ज्याचा अर्थ संदर्भावरूनही लागत नाही त्याचा अंदाज करू नये. ते तसेच ठेवून ‘अर्थ अनिश्चित’ अशी टीप द्यावी आणि पत्रावर ज्या विभागाचा दूरध्वनी छापलेला असतो तेथे विचारावे. भाषांतरासोबत मूळ पत्राची प्रतही पुण्याला न्यावी, कारण धमन्यांची नावे आणि आकडे आपले डॉक्टर त्यातून स्वतः पडताळू शकतील.