दुपारी ऊन चढलं की डेस्कटॉप आपोआप बंद पडतो, काय करू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडच्या गावात टिनाखाली ऑनलाइन फॉर्मचं दुकान, सकाळी पीसी मस्त चालतो आणि दुपारी धाडकन बंद पडतो, म्हणजे बहुतेक तापतोच आहे. मे महिन्यात खोलीच 44 अंशांवर, पंखा तरी थंड हवा आणणार कुठून?

आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणारी सेटिंगची स्क्रीन) जाऊन सीपीयूचं तापमान बघा. पीसी नुसता बसून असताना ते 80 अंशांच्या वर असेल तर प्लग काढा आणि कॅबिनेटचं झाकण उघडा. कापसाच्या पट्ट्यात, त्यात शेजारी जिनिंग असलं तर विचारूच नका, हीटसिंकच्या (सीपीयूची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) पात्यांत रुई आणि धुळीचा घट्ट थर बसतो. वरचा पंखा फिरताना दिसतो म्हणून कोणी तिकडे बघत नाही. पंखा सोडवून तो थर ब्रशने खरवडा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. सीपीयू आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा.

कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको, ओलीने धूळ आणखी चिकटते. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

तापमान ठीक असूनही बंद पडत असेल तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) तपासा. दुपारी कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, तेही बघाच.