इस्त्रीला बोल लावू नकोस

प्रश्न : काका, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरीच पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड) करायचा म्हणून लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्याच्या बोर्डावर उतरवतोय. तीनदा केलं, बारीक ट्रॅक (तारांऐवजीच्या रेघा) कागदाबरोबर उचलून येतात. एक बोर्ड कसाबसा जमला, तर त्यात ५५५ या टायमर आयसीच्या (चिपच्या) पिना उलट्या! नवी इस्त्री घेऊ का? – एक विद्यार्थी, धायरी

उत्तर : नको. ते पैसे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, ०.८ मिलिमीटरच्या ड्रिल बिटांवर घाल, त्या मोडतात फार. तुझा घोटाळा इस्त्रीच्या आधी होतोय आणि नंतरही.

आधी म्हणजे तांबं. नवा बोर्ड चकचकीत दिसतो, पण त्यावर बोटांचं तेल असतं आणि हवेने काळवंडलेला थरही. लेझर प्रिंटरचा टोनर ही शाई नव्हे, प्लॅस्टिकची भुकटी आहे. ती वितळून तांब्याला चिकटायची, तर मध्ये काहीच नको. हिरवी घासणी आणि भांड्यांची पावडर घेऊन दिवाळीत समई घासतात तसा घास. पाण्याचा थेंब गोळा न होता पसरला की तेल गेलं. मग बोर्ड कडेनेच धरायचा.

नंतर म्हणजे तुझी घाई. कागद ओढून काढतोस ना? इस्त्री कॉटनवर, वाफ बंद, तीन-चार मिनिटं दाबून. मग बोर्ड जरा निवू दे आणि पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेव. कागदाचा लगदा झाला की भिजवलेल्या बदामाचं साल काढतो तसा अंगठ्याने सरकव. टोनरवर पांढुरके तंतू राहिले तर राहू देत, दोन ट्रॅकमधले मात्र जुन्या टूथब्रशने काढ. तुटलेली रेघ परमनंट मार्करने जोड.

कागद गुळगुळीतच हवा. दिवाळी अंकातली रंगीत जाहिरातींची पानं मी सर्रास वापरली आहेत (संपादकांना सांगू नकोस). पावसाळ्यात पान ओलसर असतं, आधी नुसती इस्त्री फिरव. बाहेरून प्रिंट काढलीस तर टोनर सेव्हिंग बंद करायला सांग आणि आकार शंभर टक्केच ठेव. ‘फिट टू पेज’ने माझा एक अख्खा रविवार खाल्ला आहे. कागदावर आयसी ठेवून पाहा, पिना २.५४ मिलिमीटरवर आहेत, छापलेल्या टिंबांवर बरोबर बसल्या पाहिजेत.

मग टोनरखाली नसलेलं तांबं विरघळवायचं. त्यासाठीचं फेरिक क्लोराईड प्लॅस्टिकच्या ट्रेमध्येच, तोही गरम पाण्याच्या परातीत ठेवून. हातमोजे घाल. अॅल्युमिनियमचं भांडं चुकूनही नको, स्टीलचं सिंकही नको. आमच्या शहाबादी फरशीवर सांडलेलं मी लगेच पुसलं होतं, तरी पिवळा डाग अजून आहे आणि त्यावरून ऐकून घेणंही. द्रावण बाटलीत भरून पुन्हा पुन्हा वापर. गटारात ओतलंस तर त्यातलं तांबं मुठा नदीत जाईल.

आता उलट्या पिना. प्रिंट काढताना तू ‘मिरर’वर (आरशासारखं उलटं छापणं) खूण केली असणार. पीसीबीचं सॉफ्टवेअर तांब्याचा खालचा थर वरून, बोर्ड पारदर्शक असल्यासारखा दाखवतं. तो तसाच छापायचा. कागद पालथा घालून इस्त्री केली की तो आपोआप फिरतो. वरचा थर असेल तरच मिरर. खालच्या थरावर एक अक्षर टाकून ठेव. कागदावर ते उलटं दिसलं तर तांब्यावर सुलटं येईल.

तो बोर्ड फेकू नकोस. ५५५ तांब्याच्या बाजूने बसव, पाय जरा उंच ठेवून वरूनच सोल्डर कर. पिना जागेवर येतील. ट्रान्झिस्टर असेल तर तोही त्याच बाजूने. रेझिस्टरला काही फरक पडत नाही. दिसेल गबाळं, पण एलईडी लुकलुकेल.