“तासभर फिरवलं तरी घरात येऊनच शू करते!” मोठा कुत्रा दत्तक घेतलेल्यांचे प्रश्न

पिल्लू आणलं की घरातले सगळे पहिल्या दिवसापासून पेपर पसरून तयार असतात, पण दोन-तीन वर्षांचा कुत्रा आणला की त्याला सगळं येतच असणार असं आपण धरून चालतो. मग तो हॉलच्या मधोमध धार सोडतो आणि मला मेसेज येतात. या वेळचे काही प्रश्न घेते, नावं काढून टाकलीयेत.

प्रश्न (नाशिक): आठ दिवसांपूर्वी शेल्टरमधून अडीच वर्षांची इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, आणली. कानाला कापलेली खूण आहे, नसबंदी झालीये. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास फिरवते, बाहेर एक थेंब करत नाही, आणि दार उघडून आत आलो की दोन मिनिटांत पायपुसण्यावर! मुद्दाम करते का?

अहो ताई, मुद्दाम नाही. ती बाहेर घाबरलेली आहे. शू-शीला बसलेल्या कुत्र्याला पटकन पळता येत नाही, त्यामुळे अनोळखी रस्ता, हॉर्न, कोपऱ्यावरची चार कुत्री भुंकतायत, अशा ठिकाणी ती बसणारच नाही. पाऊण तास धरून ठेवते आणि जिथे जिवाला बरं वाटतं तिथे सोडते. म्हणजे तुमचं घर तिला सेफ वाटायला लागलंय, खरं तर चांगली बातमी आहे, फक्त पायपुसण्याचं वाईट झालं.

दुसरं म्हणजे पायाखाली काय आहे याचीही कुत्र्यांना सवय लागते. पिंजऱ्यात पोत्यावर नाहीतर फरशीवर करायची सवय असेल तर गवत तिला परकं आणि पायपुसणं ओळखीचं. तेव्हा महिनाभर पायपुसणी, सतरंज्या, बाथरूमबाहेरचं ते गुबगुबीत मॅट, सगळं उचलून माळ्यावर.

आता फिरणं आणि शू ही दोन वेगळी कामं करा. खाली उतरलात की रोज एकाच शांत जागी जायचं, झाडाचं आळं किंवा भिंतीकडेची माती काहीही चालेल, आणि दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, बोलायचं नाही, फोनवरही नाही. घरातली शू ज्या पेपरने टिपली तो पेपर पिशवीत घालून न्या आणि तिथे ठेवा, वासाने अर्धं काम होतं. केली की तिथल्या तिथे, त्याच सेकंदाला खाऊ, चिकनचा तुकडा किंवा पनीर. घरी येऊन दिलात तर तिला वाटणार घरात आल्याबद्दल मिळाला. नाहीच केली तर वर आणा पण मोकळी सोडू नका, पट्टा तुमच्या कमरेला बांधा, पंधरा-वीस मिनिटांनी परत खाली. हो, कंटाळा येतो, पण हे पंधरा दिवस तिला दोन महिन्यांचं पिल्लू समजा. उठल्यावर, जेवल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत, खेळल्यावर, दुपारच्या झोपेनंतर आणि रात्री झोपायच्या आधी, म्हणजे दिवसाला पाच-सहा फेऱ्या होतात. कधी काय केलं ते कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशोबाशेजारी लिहा, आठवडाभरात तिचं टाईमटेबल तुम्हाला दिसायला लागेल.

आणि शू झाली की लगेच घरी वळू नका. मी स्वतः ही चूक केलीये, सकाळी घाई असायची म्हणून आमच्या बाळ्याने पाय खाली टेकवला रे टेकवला की मी यू टर्न, आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की शू केली की फिरणं संपतं, मग गडी चाळीस-चाळीस मिनिटं धरून ठेवायला लागला. आधी शू, मग भटकंती, हा क्रम ठेवा.

प्रश्न (कोल्हापूर): सासरे म्हणतात कुत्र्याचं नाक त्यात घासा आणि एक फटका द्या, पूर्वी असंच शिकवायचे. आणि रोज फिनेलने पुसूनही तो त्याच जागी का करतो?

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे करू देऊ नका. दहा मिनिटांपूर्वीची शू आणि आत्ताचा फटका याचा संबंध त्याला लागत नाही, त्याला एवढंच कळतं की या माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग तो बाहेरही तुमच्यासमोर करणार नाही आणि घरात सोफ्यामागे जाऊन करेल. करताना पकडलात तर “चल चल” म्हणत उचलून किंवा पट्ट्याने बाहेर न्या, बस.

फिनेलचं म्हणाल तर ते आपल्या नाकासाठी असतं, त्याला खालचा वास येतोच. शिवाय ते पायाला लागून चाटण्यात जातं, कुत्र्यामांजरांच्या घरात नकोच. अमोनियावाले क्लीनर तर अजिबात नको, त्यांचा वास शूसारखाच. आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग पेट शॉपमध्ये मिळणारा एन्झाईम क्लीनर (शूचा वास मुळातूनच घालवणारा) टाका आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच राहू द्या, लगेच पुसलात तर उपयोग नाही. तो मिळेपर्यंत पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी घालून, पण मार्बल असेल तर व्हिनेगरने डाग पडतो, आणि ब्लीचमध्ये तर ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

प्रश्न (ठाणे): चार वर्षांचा नर, दोन महिने एकदम शहाणा होता, आता फ्रिज, सोफ्याचा पाय, पडदा, सगळीकडे थोडं थोडं करतो.

थोडं थोडं आणि उभ्या वस्तूवर, म्हणजे ही शू नाही, सही आहे. घरात रुळला आणि आता “हे माझं” लिहित सुटलाय. नसबंदी झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला, बऱ्याच जणांची ही सवय त्याने कमी होते, पण ऑपरेशननंतर हार्मोन उतरायला काही आठवडे जातात आणि जुनी सवय थोडी उरूही शकते. तोवर नजरेसमोर ठेवा, सह्या झालेल्या जागा नीट धुवा आणि तिथेच त्याची जेवणाची थाळी ठेवा, जेवतात तिथे सहसा करत नाहीत. खिडकीतून खालची कुत्री बघून चिडत असेल तर पडदा ओढा. मात्र सारखा सारखा बसतोय, जोर करतोय, थेंब थेंब येतोय, किंवा रक्त दिसलं, तर ही ट्रेनिंगची गोष्ट नाही, आणि नर कुत्र्याला शू अजिबातच होत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या नाही.

प्रश्न (सांगली): हे ऑफिसातून आले की ती पळत जाते, खाली वाकते आणि तिथेच शू होते. ह्यांनी कधी ओरडलेलंही नाही.

ह्यांनी नसेल, आधी कोणीतरी ओरडलेलं असेल, किंवा ती नुसती भित्र्या स्वभावाची असेल. मोठा माणूस, जाड आवाज, वरून वाकून डोक्यावर हात, एवढं पुरतं. “मी लहान आहे, मला काही करू नका” असं ती सांगतेय आणि ते तिच्या हातात नाही. ह्यांना सांगा, आत आल्यावर पाच मिनिटं तिच्याकडे बघायचंच नाही, चपला काढा, पाणी प्या, मग खाली बसा, तोंड बाजूला, आणि ती आली तर छातीखालून खाजवा, डोक्यावरून नाही. ओरडलात तर वाढेल. पहिली भेट गॅलरीत किंवा गेटबाहेर ठेवलीत तर फरशीही वाचेल.

प्रश्न (पुणे): आम्ही दोघं आयटीत, घर नऊ तास बंद. कुत्रा किती वेळ धरू शकतो? आणि पावसात तर तो पार्किंगच्या पुढे पाऊलच टाकत नाही.

तब्येतीने ठीक मोठा कुत्रा सहा-आठ तास काढू शकतो, पण काढू शकतो म्हणून काढायला लावू नये, आणि नवीन आलेल्याला तर नाहीच. दुपारी एक फेरी कुणीतरी मारायलाच हवी, शेजारच्या काकूंचा कॉलेजवाला मुलगा, पैसे देऊन वॉकर, कोणीही, फक्त पहिले चार दिवस तुमच्यासोबत ओळख करून द्या. तेही जमत नसेल तर मोरी शिकवा. हो, मोरीच! अर्धं पुणं नाक मुरडतं पण फ्लॅटमध्ये ही सोय वाईट नाही, उतार असतो, पाणी असतं. गॅलरीत करायला लावू नका, खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवरून जी भांडणं होतात ती मी सोडवून दमलेय.

पावसाचं म्हणाल तर पार्किंगच्या कडेला शेडखाली एक जागा ठरवा, ट्रेमध्ये माती किंवा गवताचं मॅट, आणि पाऊस नसेल तेव्हाच तिची सवय लावा, जुलैत भर पावसात नवीन जागा कुणीच शिकत नाही. आधी सोसायटीला विचारा आणि ट्रे तुम्हीच रोज साफ करा. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, त्याची लस झालीये का ते कार्डावर बघा. आणि शी उचला. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटी तुमच्या कुत्र्यावर बंदी आणू शकत नाही, पण मीटिंगमध्ये हे सांगताना तुमच्या हातात पिशवी असेल तर चेअरमन जरा ऐकतो.

प्रश्न (नागपूर): नऊ वर्षांची लॅब, आधीच्या घरचे परदेशी गेले म्हणून आमच्याकडे आली. झोपेत गादी ओली होते, तिला कळतही नाही.

शिकवू नका, तपासा. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये वय वाढलं की झोपेत गळणं बरंच दिसतं आणि त्यावर औषध असतं. सोबत पाणी जास्त पीत असेल तर मधुमेह, किडनी, सगळं बघावं लागतं, म्हणून सकाळची पहिली शू स्वच्छ धुतलेल्या डब्यात धरून डॉक्टरांकडे न्या. वाटी पुढे केली की ती उठून जाईल, लांब दांड्याचा डाव वापरा आणि तो डाव परत स्वयंपाकघरात नको. पाणी मात्र बंद करू नका.

प्रश्न (डोंबिवली): रात्री तीनला रोज उठवतो. नेलं की कधी करतो, कधी नुसता हुंगत बसतो.

तीन-चार रात्री न्या, पट्टा लावून, लाईट न लावता, न बोलता, पाच मिनिटं. केली तर शाबास, नाही केली तर गुपचूप वर आणि झोप. खाऊ नाही, खेळ नाही, गॅलरीत बसून गप्पा तर नाहीतच (तुम्ही लिहिलंय की बाबा त्याच्यासोबत चहा पितात!). संध्याकाळचं जेवण सातपर्यंत आणा, शेवटची फेरी अकराला. मग तीनचे सव्वातीन, सव्वातीनचे साडेतीन असं त्याचं उठणं पुढे सरकायला लागेल. बाबांचा चहा आधी बंद करा.